स्वस्त टॅब-लॅपटॉपची पारख

हल्लीं शेतकऱ्याच्या घरीं कागदावर पाहावयाच्या गोष्टी कमी होऊन पडद्यावर पाहावयाच्या गोष्टी वाढल्या आहेत. सातबारा व आठ-अ यांचे उतारे, फेरफाराची स्थिति, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचें खातें आणि मुलांचा अभ्यास हें सर्व फोनाच्या तळहाताएवढ्या पडद्यावर डोळे ताणून पाहावें लागतें. त्यामुळें फोनापेक्षां मोठें व चांगल्या लॅपटॉपपेक्षां स्वस्त असें कांहीं घ्यावें, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. विक्रेते अशा गिऱ्हाइकापुढें एक जिन्नस हटकून ठेवितात. त्याचा पडदा सुटा केला म्हणजे तो टॅब होतो, आणि कीबोर्डास जोडला म्हणजे लॅपटॉप होतो. एका किंमतींत दोन वस्तु, असें त्याचें वर्णन करण्यांत येतें.

आमच्या संस्थेच्या कित्येक सभासदांनीं या यंत्राविषयीं विचारणा केली आहे. शिवाय संस्थेच्या दप्तराकरितां व सभासदांच्या उपयोगाकरितां अशीं यंत्रें घ्यावीं कीं काय, हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढें आहे. एका विक्रेत्यानें वापरलेलीं व दुरुस्त केलेलीं दहा यंत्रें एकरकमी देऊं केलीं आहेत. रक्कम संस्थेच्या शिलकेंतून, म्हणजे सभासदांच्याच घामांतून जाणार. म्हणून या वस्तूचे गुणदोष सर्वांपुढें मांडणें आम्हांस इष्ट वाटतें. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची हयात गेली, आणि दप्तर कशानें टिकतें व कशानें नष्ट होतें एवढेंच आम्हीं जवळून पाहिलें. त्याच दृष्टीनें या यंत्राकडे पाहावें असा आमचा विचार आहे.

जनावरांच्या बाजारांत ज्यांनीं खरेदी केली आहे, त्यांस दुहेरी वस्तूचें मर्म निराळें सांगावयास नको. दुधासाठीं गीर घ्यावी, ओढकामासाठीं खिल्लार घ्यावा, आणि गरजा दोन्ही असून दोन्ही जनावरें पोसणें झेपत नसेल तर देवणी घ्यावी. देवणी दुधांत गीरची बरोबरी करीत नाहीं, आणि तिचा बैल चपळाईंत खिल्लाराच्या पुढें जात नाहीं. तरीहि मराठवाड्यांतील अनेक घरांचा संसार तिनें चालविला आहे. मात्र देवणी घेणारा शेतकरी ती देवणी आहे हें जाणूनच घेतो. गीरच्या दुधाची आशा धरून देवणी घेणाऱ्याची निराशा झाली, तर तो दोष जनावराचा नव्हे. दुहेरी यंत्राचेंहि असेंच आहे.

नमुन्याचें यंत्र

पारख करावयाची तर नमुना असा घ्यावा, कीं ज्याचें आयुष्य आरंभापासून शेवटपर्यंत पाहतां येतें. तैवानच्या आसूस कंपनीनें सप्टेंबर २०१३ मध्यें ट्रान्सफॉर्मर बुक टी१०० या नांवाचें यंत्र जाहीर केलें. अमेरिकेंत त्याची किंमत ३४९ डॉलरपासून होती. विंडोजवर चालणारें, पडदा सुटा होणारें आणि कीबोर्डासह मिळणारें यंत्र इतक्या थोड्या किंमतींत मिळणें ही त्या वेळीं नवीच गोष्ट होती. आपल्या देशांत मायक्रोमॅक्स कंपनीचा कॅनव्हास लॅपटॅब २०१५ सालीं १४,९९९ रुपयांस विक्रीस आला. त्याचाहि पडदा १०.१ इंचांचा, मेमरी २ जी.बी. व साठा ३२ जी.बी. असाच होता. बाजारांत आज जीं जुनीं स्वस्त यंत्रें फिरत आहेत, त्यांतील बहुतेक याच वळणाचीं आहेत.

टी१०० चा पडदा १०.१ इंचांचा असून त्यावर १३६६ × ७६८ ठिपके होते. आंत इंटेल कंपनीचा ॲटम जातीचा प्रोसेसर, २ जी.बी. मेमरी आणि ३२ किंवा ६४ जी.बी. साठा होता. सुट्या पडद्याचें वजन ५५० ग्रॅम, आणि कीबोर्डासह सर्व मिळून १ किलो ७० ग्रॅम. लिहिण्याचा व हिशेबाचा ऑफिस २०१३ हा संचहि त्याबरोबर मिळत असे. वाचकांच्या सोयीसाठीं सांगतों, कीं मेमरी म्हणजे काम करतांना समोर पसरलेलें मेज, आणि साठा म्हणजे काम संपल्यावर कागद ठेवण्याचें कपाट. मेज लहान असलें तर काम अडखळतें. कपाट लहान असलें तर कागद कोठें ठेवावे हा प्रश्न पडतो.

यंत्राचे गुण

पहिला गुण हलकेपणाचा. तालुक्याच्या गांवीं, बँकेंत किंवा सभेला जातांना एक किलोचें ओझें पिशवींत सहज जातें. दाखविण्याचें काम असेल, तर कीबोर्ड घरीं ठेवून अर्ध्या किलोचा पडदाच नेतां येतो. चार माणसांच्या बैठकींत एखादा नकाशा अथवा हिशेबाचा तक्ता हातोहात फिरवावयाचा असेल, तर या यंत्रासारखी सोय सामान्य लॅपटॉपमध्यें नाहीं.

दुसरा गुण विजेच्या बेताचा. टी१०० चा चार्जर १० वॉटांचा असून तो फोनाच्या चार्जरसारखाच मायक्रो-यूएसबी तोंडाचा होता. सामान्य लॅपटॉपास ४५ ते ६५ वॉटांचा चार्जर लागतो. ज्या गांवीं वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें फोनाच्या जोड-बॅटरीवर यंत्र भरतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याची बॅटरी ३१ वॉट-तासांची. ती १० वॉटांनीं भरावयाची म्हणजे हिशेबानेंच तीन तासांहून अधिक वेळ लागणार, आणि यंत्र चालू ठेवून भरल्यास त्याहून पुष्कळ अधिक.

तिसरा गुण, त्यास पंखा नाहीं. पंख्याचा लॅपटॉप बाहेरची हवा आंत ओढतो, आणि मळणीच्या दिवसांत त्या हवेबरोबर भुसा व धूळहि ओढतो. पंखा नसलेल्या यंत्रांत ही वाट बंद असते व आवाजहि होत नाहीं. अर्थात् पंखा नाहीं म्हणून चैत्र-वैशाखांत पत्र्याखालीं तें ठेवून चालणार नाहीं. तापल्यावर तें आपला वेग कमी करून घेतें.

चौथा गुण बोटानें चालविण्याचा. ज्यांच्या हातांस कीबोर्डाची संवय नाहीं, अशा वृद्ध मंडळींस बोटानें पान सरकविणें व अक्षर मोठें करणें लवकर साधतें. उतारा पडद्यावर उभा धरून वाचतां येतो. येथें पडद्याच्या आकाराकडे मात्र लक्ष द्यावें. टी१०० चा पडदा १६ : ९ या प्रमाणाचा, म्हणजे चित्रपटासाठीं लांबट केलेला, तो उभा धरला असतां कागदाच्या मानानें फार अरुंद होतो. सन २०१८ मध्यें निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या सरफेस गो या यंत्राचा पडदा ३ : २ प्रमाणाचा आहे, आणि तें प्रमाण आपल्या नेहमींच्या ए-४ कागदाच्या पुष्कळ जवळ येतें. कागद वाचणें हेंच मुख्य काम असेल, तर इंच मोजण्याबरोबर हें प्रमाणहि पाहावें.

यंत्राचे दोष

आतां दोषांकडे वळूं. बसून लिहिण्याच्या कामीं हें यंत्र दुय्यम ठरतें. दहा इंचांच्या पडद्याखालीं जेवढी जागा तेवढाच कीबोर्ड. त्यामुळें कळा लहान व जवळजवळ असतात. मराठी इन्स्क्रिप्ट पद्धतीनें लिहिणाऱ्यास जोडाक्षरांसाठीं अनेक कळा दाबाव्या लागतात, आणि जाड बोटांस शेजारची कळ वारंवार लागते. कीबोर्ड न जोडतां पडद्यावरील अक्षरांनीं लिहावें, तर तीं अक्षरेंच निम्मा पडदा व्यापून टाकितात. एखादा अर्ज लिहिणें निराळें, आणि वर्षाचा जमाखर्च उतरविणें निराळें. दुसऱ्या कामास या यंत्रावर बसलेला मनुष्य तासाभरांत कंटाळतो.

शिवाय या यंत्राचें सर्व अंग पडद्यांत असतें. प्रोसेसर, साठा व बॅटरी हीं पडद्याच्या मागें असल्यामुळें वरची बाजू जड व खालची हलकी होते, म्हणून पडदा फार मागें कलविल्यास यंत्र पाठीवर पडूं पाहतें. मेजावर हें चालून जातें. मांडीवर किंवा बाजेवर चालत नाहीं.

तिसरा दोष साठ्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ३२ जी.बी. हा आंकडा ऐकण्यास बरा वाटतो. परंतु त्यांतील मोठा भाग विंडोजच व्यापून बसते. मालकाच्या वांट्यास उरतो तो त्याचा कांहीं अंश. पुढें प्रणालीच्या प्रत्येक मोठ्या सुधारणेस कांहीं जी.बी. मोकळी जागा लागते. ती नसली म्हणजे सुधारणा अडते, यंत्र मंद होतें, व मालक आपलींच छायाचित्रें व फाइली पुसूं लागतो. साधारण लॅपटॉपांत पुष्कळदां साठा किंवा मेमरी बदलून वाढवितां येते. स्वस्त दुहेरी यंत्रांत दोन्ही मूळ पट्टीवर डागलेलीं असतात. पहिल्या दिवशीं जेवढें मिळालें तेवढेंच शेवटच्या दिवसापर्यंत. बाहेरून लहान कार्ड घालण्याची सोय असते, ती उपयुक्त आहे. परंतु कार्डानें कपाट वाढतें, मेज वाढत नाहीं.

चौथा दोष तोंडांच्या अपुरेपणाचा. टी१०० च्या कीबोर्डांत पूर्ण आकाराचें यूएसबी तोंड एकच होतें. तेथें माऊस लावला तर छापण्याचें यंत्र कोठें लावावें, आणि छापण्याचें यंत्र लावलें तर पेन-ड्राइव्ह कोठें लावावा, हा प्रश्न उरतो. पडदा सुटा केला म्हणजे तेंहि तोंड कीबोर्डाबरोबर मागें राहतें.

खिडकी आणि पेटी

हे दोष प्रत्येकास सारखे बाधतात असें नाहीं. ते कोणास बाधतात हें ठरविण्यासाठीं शेतकऱ्याच्या कागदांचे दोन वर्ग करावे, असें आम्ही सुचवितों.

पहिल्या वर्गांत सरकारच्या दप्तरांतील कागद येतात. गांव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंदवही, सहा ही फेरफाराची नोंदवही, आणि आठ-अ हें खात्याचें पत्रक. हे अभिलेख आतां संगणकावर आहेत. दिनांक १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला, आणि त्याच्या एका प्रतीस १५ रुपये शुल्क ठेवलेलें आहे. ही प्रत यंत्रांतून गेली तर पुन्हां काढतां येते. येथें यंत्र ही केवळ खिडकी आहे. माल खिडकीपलीकडे शाबूत आहे.

दुसऱ्या वर्गांत आपले स्वतःचे कागद येतात. मजुरीची रोजकीर्द, खतें व औषधें यांच्या खरेदीचीं बिलें, फवारणीची नोंद, गाईंच्या वितांचा हिशेब, भावाभावांतील उसनवारीचें टिपण, वांटपाच्या वेळीं काढलेलीं बांधांचीं छायाचित्रें. यांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसते. येथें यंत्र ही पेटी आहे, आणि पेटी गेली म्हणजे माल गेला.

आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागायतदारानें अशाच एका स्वस्त दुहेरी यंत्रांत तीन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी व मजुरीचा सर्व हिशेब ठेविला होता. नोंदी नीटनेटक्या होत्या. कोणतें औषध, किती मात्रा, कोणता दिवस, काढणीस किती दिवस उरले, सर्व कांहीं. एके दिवशीं यंत्र सुरू होईना. दुरुस्तीवाल्यानें सांगितलें, कीं साठा मूळ पट्टीवर डागलेला असल्यामुळें तो काढून दुसऱ्या यंत्रास लावतां येत नाहीं. निर्यातदार फवारणीच्या नोंदी मागतो, कारण औषधांच्या उरलेल्या अंशाचा प्रश्न परदेशच्या बाजारांत निर्णायक असतो. या गृहस्थांनीं दुकानाच्या पावत्यांवरून जमेल तेवढें पुन्हां लिहून काढलें; पण तारखा जुळेनात. त्या हंगामांत त्यांचा माल स्थानिक बाजारांत जो भाव मिळाला त्या भावानें गेला. यंत्र कांहीं हजारांचें होतें. नुकसान लाखांत गेलें.

यावरून आमचा सिद्धान्त इतकाच, कीं स्वस्त दुहेरी यंत्र ही चांगली खिडकी आहे, आणि वाईट पेटी आहे. खिडकी म्हणून घेणाऱ्यानें खुशाल घ्यावें. पेटी म्हणून घेणाऱ्यानें तिची दुसरी प्रत ठेवण्याचा बंदोबस्त आधीं करावा.

यंत्राची मुदत

नांगर झिजेपर्यंत चालतो. संगणकाचें तसें नाहीं. तो झिजण्यापूर्वींच निरुपयोगी होऊं शकतो, कारण त्यास चालविणाऱ्या प्रणालीची मुदत कंपनीच्या हातीं असते. ती मुदत संपली म्हणजे चोरांपासून रक्षण करणाऱ्या सुधारणा येणें बंद होतें.

टी१०० चाच दाखला घ्या. तें विंडोज ८.१ सह विकलें गेलें. त्या प्रणालीचा पाठिंबा १० जानेवारी २०२३ रोजीं संपला. मध्यंतरीं २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० निघाली व पहिल्या वर्षांत ती जुन्या यंत्रांस फुकट मिळाली, म्हणून या यंत्राचें आयुष्य वाढलें. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पुढची विंडोज ११ घालावी म्हटलें, तर तिला निदान ४ जी.बी. मेमरी आणि ६४ जी.बी. साठा लागतो, २ व ३२ च्या यंत्रास ती कायमची बंद झाली. २०१८ चें सरफेस गो ४ व ६४ किंवा त्याहून अधिक घेऊन आलें होतें, तरी त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादींत नसल्यामुळें तेंहि बाहेर राहिलें. म्हणजे साठा व मेमरी पाहून भागत नाहीं. प्रोसेसरहि पाहावा लागतो.

ही गोष्ट शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची आहे. ज्या यंत्रांतून तो चित्रपट पाहतो त्याच यंत्रांतून तो बँकेचें खातें उघडतो, व पीककर्जाची रक्कम त्याच खात्यांत असते. कुलूप जुनें झालें आहे हें ठाऊक असून कोणी धान्याच्या कोठारास तें लावीत नाहीं.

बांधावरचें काम

विक्रेते सांगतात, कीं पडदा सुटा करून शेतांत न्या आणि सर्व नोंदी बांधावरच करा. हें म्हणणें तपासलें पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, व आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः करण्याचा मार्ग खुला झाला. त्यासाठीं शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें लागतें, आणि आपण कोणत्या जागीं उभे आहों हें यंत्रास उपग्रहावरून कळावें लागतें. हें ॲप अँड्रॉइड फोनासाठीं केलेलें आहे. विंडोजच्या यंत्रावर तें चालत नाहीं. शिवाय ज्या स्वस्त दुहेरी यंत्रांस सिम-कार्डाची जागा नसते, त्यांपैकीं पुष्कळांत उपग्रहावरून जागा ओळखण्याचीहि सोय नसते. बांधावर इंटरनेट मिळविण्यासाठीं शेवटीं फोनच काढावा लागतो.

उन्हाचाहि प्रश्न आहे. घरांत झगझगीत दिसणारा पडदा दुपारच्या उन्हांत आरसा होतो, व त्यांत पिकाऐवजीं आपलेंच तोंड दिसतें. तेव्हां बांधावरच्या कामास फोनच योग्य. तो आपल्याजवळ आहेच. दुहेरी यंत्र घेतल्यानें त्याची गरज संपत नाहीं. ओसरीवरच्या कामास हें यंत्र योग्य, आणि ओसरीवर तरी तें सामान्य लॅपटॉपहून सरस ठरतें काय, एवढाच प्रश्न उरतो.

नवीं यंत्रें

जुन्या नमुन्यावरून नव्यांचा निकाल लावणें अन्यायाचें होईल. सन २०२० मध्यें बाजारांत आलेलें लेनोव्हो कंपनीचें आयडियापॅड ड्युएट क्रोमबुक पाहावें. त्याचाहि पडदा १०.१ इंचांचा, पण त्यावर १९२० × १२०० ठिपके असल्यामुळें बारीक अक्षरें स्वच्छ दिसतात. मेमरी ४ जी.बी., साठा ६४ किंवा १२८ जी.बी., पडद्याचें वजन ४५० ग्रॅम; कीबोर्ड व मागचा टेकू हे दोन्ही पेटींतच मिळत. अमेरिकेंत त्याची किंमत २७९ डॉलरपासून होती. त्यावर विंडोजऐवजीं गूगलची क्रोम ही हलकी प्रणाली चालते, म्हणून थोड्या मेमरींतहि तें बरें धांवतें. अशा यंत्रांस दहा वर्षेंपर्यंत सुधारणा देण्याचें गूगलनें २०२३ मध्यें जाहीर केलें.

त्याचे दोषहि आहेत. सर्व कामांस मिळून एकच यूएसबी-सी तोंड. कानास लावावयाच्या तारेची जागाहि नाहीं. विंडोजसाठीं केलेले कार्यक्रम क्रोमवर चालत नाहींत. ज्या संस्थेचा जमाखर्च टॅलीमध्यें आहे, किंवा ज्यांचीं जुनीं मराठी टिपणें विशिष्ट विंडोज-कार्यक्रमांच्या अक्षरवळणांत अडकलीं आहेत, त्यांनीं हें आधींच लक्षांत घ्यावें.

किंमतीची एक मेखहि सांगून ठेवतों. जाहिरातींत दिसणारी किंमत पुष्कळदां नुसत्या पडद्याची असते. सरफेस गो अमेरिकेंत ३९९ डॉलरपासून मिळत असे, पण कीबोर्ड निराळा, व त्याचे साधारण १०० डॉलर निराळे. बैलगाडी घेतल्यावर जूं वेगळें विकत घ्यावें लागेल असें सांगितल्यास आपण तो सौदा पुन्हां तपासूं. येथेंहि तसेंच करावें.

कोणीं घ्यावें, कोणीं घेऊं नये

ज्याच्या घरीं फोन आहे, लिहिण्याचें काम थोडें आहे, वाचण्याचें व दाखविण्याचें काम पुष्कळ आहे, आणि मुलांच्या अभ्यासासहि तें लागणार आहे, त्यानें दुहेरी यंत्र घेण्यास हरकत नाहीं. ज्यास गांवोगांव फिरून सभा घ्याव्या लागतात, त्यासहि तें सोयीचें आहे. ज्यास रोज दोन तास बसून हिशेब लिहावयाचा आहे, त्यानें तेवढ्याच रकमेंत थोडा जड, पण पूर्ण कीबोर्डाचा व साठा वाढवितां येणारा साधा लॅपटॉप घ्यावा. आणि ज्याचें सर्व काम फोनावर भागतें, त्यानें कांहींच घेऊं नये; वाचलेला पैसा ठिबकाच्या नळ्यांत किंवा बी-बियाण्यांत घालावा.

घेणाऱ्यानें दुकानांत पुढील गोष्टी विचाराव्या. मेमरी ४ जी.बी. व साठा ६४ जी.बी. याहून कमी असेल तर यंत्र हातींहि धरूं नये. ८ व १२८ मिळाल्यास उत्तम. प्रणालीच्या सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळणार हें विचारावें, आणि उत्तर तोंडीं न घेतां कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून खात्री करावी. कीबोर्ड किंमतींत धरला आहे काय हें विचारावें. मराठींत पांच ओळी तेथेंच लिहून पाहाव्या. यंत्र दुकानाबाहेर उन्हांत नेऊन सातबाऱ्याचा उतारा वाचून पाहावा. बॅटरी कोठें बदलून मिळते व तिचा खर्च काय हें विचारून ठेवावें, कारण चिकटवून बसविलेली बॅटरी गांवच्या कारागिराकडून निघत नाहीं.

संस्थेपुढील दहा जुन्या यंत्रांविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. तीं सर्व २ व ३२ जी.बी. च्या वळणाचीं असून विंडोज १० वर चालतात. त्यांची मुदत संपलेली आहे, त्यांचें अंग वाढण्यासारखें नाहीं, आणि त्यांवर सभासदांचीं बँकखातीं उघडलीं जाणार आहेत. एकेकाची किंमत थोडी दिसली, तरी दहांची बेरीज थोडी नाहीं. त्या रकमेंत दप्तराकरितां एक चांगला साधा संगणक व छापण्याचें यंत्र, आणि सभांत फिरविण्याकरितां पुढें निदान पांच वर्षें सुधारणा मिळतील असें एक नवें दुहेरी यंत्र घ्यावें, अशी शिफारस आम्हीं मंडळास केली आहे. मंडळाचा निर्णय व्हावयाचा आहे. सभासदांनीं आपलें मत चिटणिसांकडे लेखी कळवावें.

यंत्र कोणतेंहि घ्या, अथवा घेऊं नका; एक गोष्ट मात्र या हंगामापासूनच करावी. आपल्या स्वतःच्या नोंदींच्या दोन प्रती ठेवाव्या. एक यंत्रांत व दुसरी पेन-ड्राइव्हवर, आणि ती पेन-ड्राइव्ह यंत्राच्या पिशवींत न ठेवतां निराळ्या जागीं. वर्षाअखेरचा जमाखर्च व फवारणीची वही कागदावर छापून, तारीख घालून व सही करून फडताळांत ठेवावी. सरकारचें दप्तर सांभाळावयास सरकारचे नोकर आहेत. आपलें दप्तर सांभाळणारा आपल्यावांचून दुसरा कोणी नाहीं.